डबा बंद करू नको

“हॅलो?… हॅलो, कोण?… ओमेश? अरे बाबू, श्यामलालभाऊच्या फोनवर काऊन लावला?… माझा कोण उचलते? माझा मोबाईल पोट्टा घेऊन गेला मंडईत, फोटो काढाले… हो मंग, आज केशोरीची मंडई. नागपूरले गेला तं गावची मंडई बी विसरला… बरं, टीना कशी आहे? ताप उतरला?… पाय अजून दुखूनच राहिले? कोमट तेल लाव म्हणा दामिनीले. वाढत्या पोरीचे दुखतेतच पाय… हो, हो… अरे बोल ना मंग. लवकर बोल, मी डबा बंद करून निघूनच राहिली.”

आणि बोलता बोलता नंदाबाईचं बोट डब्याच्या, म्हणजे कंप्युटरच्या, बटणावर गेलंही होतं. गावच्या केंद्रातलं रक्त तपासणीचं शिबिर संपलं होतं, निकाल आले होते, बाहेर मंडईच्या जत्रेचा भोंगा सकाळपासून बोलावत होता. श्यामलाल चौकीदार तर कुलूप हातात घेऊन दारातच उभा होता. त्याला दंडारीच्या नाटकात सोंग घ्यायचं होतं आणि अर्ध्या तोंडाला पावडर लागलेलीच होती. कुलूप घालण्याआधी मेन बंद करायचं, ही त्याची रोजची रीत, शिबिरात डबा रात्रीही चालू म्हणून तेवढी मोडलेली. एकदा मेनचा खटका खाली ओढला की त्याला वाटायचं, आता केंद्र सुखरूप.

“काय?… काय नको करू?… ओरडू नको रे, नीट सांग… बटणावरच आहे हात… बरं, काढला. काढला बाबा. आता सांग.”

ओमेश हा नंदाबाईचा धाकटा भाऊ, दामिनी त्याची बायको आणि टीना लेक. नागपुरात बसून तो गावोगावच्या केंद्रांचे कंप्युटर सांभाळायचा. केशोरीच्या केंद्रात तसा डबा एकच, पण त्याच्या पोटात दोन मशिनी नांदत होत्या, एका घरात दोन चुली मांडाव्यात तशा. खऱ्या नव्हेत त्या, नुसत्या मांडलेल्या. पण दोघींचं खातं वेगळं, डिस्क वेगळी. एक पोरांच्या कंप्युटर वर्गाची, दुसरी रक्त तपासणीची. नंदाबाईला ह्यातलं फारसं कळत नसे, आणि कळून घ्यायची गरजही तिला आजवर पडली नव्हती. डबा चालू करायचा, नावं भरायची. वीज गेली तर इन्व्हर्टर होताच.

“स्क्रिप्ट म्हणजे काय?… हं… हं… म्हणजे एकच ओळ लिहायची आन् सगळ्या मशिनीले लागते?… बरं, लागू दे ना, मंग माझ्या मशिनीचं काय?… तिले बी? तिले कायले लावली रे?… नावाहून?”

झालं होतं ते असं. वर्गाच्या मशिनीत पोरं दिवसभर नको ते उद्योग करून ठेवतात. म्हणून ओमेशनं ठरवलं, त्या मशिनींच्या डिस्कची सेटिंगच अशी करायची, की बंद केल्या की सगळं पुसलं जावं आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. आता गावोगावची एकेक मशीन उघडून हातानं कोण बदलत बसणार? ह्या शहाण्यानं काळ्या खिडकीत स्क्रिप्ट चालवली, की ज्या ज्या मशिनीच्या नावात अमुक गाव, त्या साऱ्यांची डिस्क एका दमात बदल. आणि मशिनींना नावं ठेवणाराही हाच. गावचं प्रेम उतू चाललेलं. वर्गाची मशीन पण केशोरी, तपासणीची पण केशोरी. स्क्रिप्टनं दोघींना एकच कायदा लावला आणि तो लागू व्हावा म्हणून लगेच एकदा बंद करून चालूही केलं. शिबिराच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. तेव्हापासून नंदाबाईचा डबा एकदाही बंद झाला नव्हता, म्हणून कुणाला काही कळलंही नाही. सौंदडलाही हाच घोळ; आज तिथल्या केंद्रानं आपला डबा बंद करून चालू केला आणि त्यांचं होतं नव्हतं ते साफ. तेव्हा कुठं साहेबांच्या डोक्यात उजेड पडला.

“थांब, मले समजू दे. आतापावेतो जे भरलं ते आहे ना आतमधे?… आहे. आन् बंद झाला तं?… सगळं? पोट्ट्यांचे नावं बी?… निकाल बी?… काय बोलून राहिला तू, ओमेश.”

ती खुर्चीवर बसली. मग तिला श्यामलाल दिसला. त्याचा हात मेनच्या खटक्याकडे निघाला होता.

“श्यामलालभाऊ, हात खाली घ्या. मेनले हात लावू नका… नाही रे, तुले नाही. तू बोल.”

आता हे निकाल म्हणजे काय चीज होती, ते कुणी नंदाबाईला विचारावं. सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराच्या तपासणीला आपलं पोर द्यायला आईबाप तयार नव्हते. रक्त काढून नेतात, पोर सुकते, असं काहीबाही कुणीतरी पसरवून ठेवलेलं. नंदाबाई दारोदार हिंडली. बांध्यांत धान कापत असलेल्या बायांच्या मागं चिखलात उभी राहिली. कुणाच्या पाया पडली, कुणाला शिव्या दिल्या. तरी पहिल्या दिवशी पोरं आली ती नुसती भिंतीला चिकटून उभी. तेव्हा ओमेशची टीना, दिवाळीच्या सुट्टीत आलेली, ती पुढं झाली आणि आपला एवढासा हात टेबलावर ठेवून म्हणाली, आत्या, माझं घे आधी. तिनं ‘ऊं’ केलं नाही. मग लागली रांग.

ते रक्त आता नव्हतं. तपासून झालेल्या नळ्या जाळून टाकायचा नियम, त्या जाळल्या. तपासणीचं यंत्र भाड्याचं, ते दुपारीच गाडीत घालून परत गेलं. यंत्रानं निकाल सरळ मशिनीत टाकले होते आणि ते उद्या डॉक्टर आल्यावरच उघडायचे होते. मंडई संपली, धान घरात आलं, की निम्मी घरं कामाला बाहेर जाणार, पोरांना घेऊन. कोणत्या पोराला खरा आजार आहे, कुणाला आजच औषध सुरू करायला हवं, हे त्या डब्याशिवाय अख्ख्या जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

“मंग उलटी फिरव ना सेटिंग. तूच बदलली, तूच सरळ कर… काऊन नाही होत?… अरे देवा. म्हणजे ते बी बंद करून चालू केल्यावरच लागते? आन् बंद केलं तं पुसते?… मंग तिथून काढून घे ना सगळं तुझ्याकडं… नेट नाही. सकाळपासून नाही. मंडईची कमान बांधाले पोट्टे खांबावर चढले, केबलच तोडली… पेनड्राइव्ह होता. डीजेवाल्यानं नेला, गाणे भराले. मीच देल्ला… आता मले बोलू नको, ओमेश. तुले बोलाचं तोंड आहे का?”

पलीकडून जे आलं ते ऐकून नंदाबाईचा आवाज खाली आला.

“रडू नको रे… नोकरी जाईन तं जाईन, ते मंग पाहू. आधी हे सांग, काही होते का?… होते? बोल, मी करतो. लिहितो. काळी खिडकी कुठं उघडाची?”

आणि तिनं फोन खांदा आणि कान ह्यांच्यात दाबून धरला. बाहेरच्या खऱ्या डिस्कवर एक नक्कल काढून ठेवायची, म्हणजे मग आतली मशीन बंद झाली तरी चिंता नाही, असा काहीसा तो उपाय होता. सांगायला सोपा. पण ज्या बाईनं आजवर नाव, वय आणि गाव ह्यांपलीकडं काही टाइप केलं नाही, तिला फोनवरून एकेक अक्षर सांगून ते करवून घ्यायचं होतं.

“सी. पी. झालं… जागा सोडली. मंग डॅश, आडवा ना?… मंग तिरपी रेघ. कोणत्या अंगाले झुकलेली? दोन आहेत इथं… उजव्या. बरं… हो, हो… थांब ना, किती घाई करतं… टाकलं एंटर… नो सच म्हणून राहिला. नो सच फाईल… मी बरोबरच लिहिलं, तूच चुकीचं सांगितलं… हो, पुन्हा सांग. हळू सांग.”

श्यामलाल दारातून म्हणाला, बाई, माझं सोंग निघून जाईल. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पायरीवर जाऊन बसला.

“आता काहीच नाही म्हणत… नुसती कांडी लुकलुकून राहिली… हेच पाह्यजे का? काम सुरू आहे ना?… किती वेळ?… एवढा कायले?… सगळ्यांच्या रक्ताचे फोटो बी त्याच फाईलीत. बरं. अर्धी झाली तं अर्धी तरी कामात येईन?… नाही. पुरीच पाह्यजे. बरं, बसतो मी. इथंच बसून राहतो.”

ती त्या लुकलुकणाऱ्या कांडीकडं बघत बसली. बाहेर दिवस कलला होता. भोंग्यावर कुणीतरी सरपंचाला मंचावर बोलावत होतं, दंडारीच्या मंडळींनी लवकर यावं म्हणून ओरडत होतं. मग चौकात कमानीची झगमग एकदम पेटली, टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. सगळ्या माळा तारेवर आकडे टाकून लावलेल्या. केंद्राचा पंखा जरा मंद झाला, आणखी मंद झाला, आणि थांबला.

“गेली… लाइन गेली, ओमेश. डबा चालूच आहे, तो खालचा डबडा टूं टूं करून राहिला… हो, यूपीएस. किती चालते हा?… अरे इन्व्हर्टर आहे. पण बॅटरी नाही… मंडईत. भोंग्याले लावली.”

हे बोलताना तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. केंद्राची बॅटरी मंडईच्या भोंग्याला द्यायची, ही केशोरीची दरवर्षीची चाल. कुणी विचारतही नाही, येतात आणि उचलून नेतात. काल पोरं आली तेव्हा नंदाबाईनंच वर त्यांना चहा पाजला होता. आता सारं गाव अंधारात बुडालं, पण भोंगा मात्र ठणठणीत. तिचीच बॅटरी खाऊन तो सरपंचाला नमस्कार करत होता.

“श्यामलालभाऊ, धावा. बॅटरी सोडून आणा… कोणी काही म्हटलं तं म्हणा, पोट्ट्यांच्या जिवाचं काम आहे. नंदाबाईनं सांगितलं म्हणा. सायकलवर घालून आणा, जा… हो ओमेश, पाठवलं त्याले. फोन तं त्याचाच माझ्याजवळ आहे, त्याले लावणार कसा? येते तं येते. पण मंडईची गर्दी, तुले ठाऊक आहे, मुंगी शिरत नाही… कांडी? लुकलुकूनच राहिली अजून.”

यूपीएसची शिटी आधी थांबून थांबून येत होती, ती आता पटापट यायला लागली. लहानपणी हा ओमेश तळ्यात पडला होता, तेव्हा पाळीवर उभं राहून ती अशीच नुसती बघत राहिली होती, आणि दुसऱ्याच कुणीतरी उडी मारली होती. आज उडी मारणारं कुणी नव्हतं.

“ऐक. ओमेश, ऐक माझं. ही नक्कल होत नाही आता. तू कागद घे… कागद, कागद. पेन घे. ह्या बटणाच्या फोनात फोटो निघत नाही, आन् इथं अंधार. मी वाचतो, तू लिही… सगळे नाही रे, सगळे कुठं पुरतेत? ज्याच्यापुढं लाल खूण आहे तेवढेच. खरे बिमारवाले… नियम गेला चुलीत. उद्याचा डॉक्टर उद्या पाहू. घेतला का कागद?… उघडली मी यादी. लिही आन् परत म्हणून दाखव. एक बी चुकाले नाही पाह्यजे. पोराचं नाव, बापाचं नाव, गाव. एवढंच.”

यादी उलट्या क्रमानं उघडली होती; शेवटच्या दिवशीची पोरं वर आणि पहिल्या दिवशीची तळाला. नंदाबाई बाणाची कळ दाबत खाली खाली उतरत गेली. पांढरे, पांढरे, मधेच एखादं पिवळं. पिवळे म्हणजे आजार नसलेले, नुसते वाहक; त्यांच्याकडं तिनं छातीवर दगड ठेवून काणाडोळा केला.

“हिमांशु. बापाचं नाव ताराचंद. गाव इळदा. म्हण परत… हो. पुढं. भाविका. बापाचं नाव चंद्रकुमार, गाव गोठणगाव. म्हण… चंद्रकुमार, हो. हिच्या मायनं मले झाडूनं हाकललं होतं… काही नाही, तू लिही. पुढं… थांब, पुढं नाही सापडून राहिलं… हं. रितिक. बापाचं नाव घनश्याम. केशोरी… अरे, तोच. डाक आणते तो घनश्याम. त्याचंच पोरगं.”

एक नाव सापडलं की तिला हायसं वाटे आणि लगेच त्याची लाज वाटे, कारण ती जे वाचत होती ती कुणाच्या तरी घरची आग होती. हे पोर कुठं बसलं होतं, कोण रडलं, कुणी खाऊ मागितला, सारं डोळ्यांपुढं येत होतं. पण थांबायला वेळ नव्हता. शिटी आता जवळजवळ सलग वाजत होती.

“अनुष्का. बापाचं नाव… बाप नाही हिले, मायचं आहे. शांता. गाव इळदा. म्हण… हो. दुसऱ्या दिवशीचे संपले. आता पहिल्या दिवशीचे राहिले, थोडेच आहेत… ऐक, भोंगा बंद पडला. ओमेश, भोंगा बंद पडला. सोडली त्यानं बॅटरी.”

खरंच, बाहेर एकदम गप्प झालं होतं. भोंग्यावरचा माणूस अर्ध्या शब्दात तुटला आणि मंडईभर एक कल्ला उठला. श्यामलालला शिव्या पडत असणार, पण तो निघाला असणार. नंदाबाईनं देवाचं नाव घेतलं आणि बाण दाबत राहिली. पांढरं. पांढरं. पिवळं. पांढरं. यादीच्या तळाशी, अगदी शेवटच्या ओळीत, जिनं सगळ्यांच्या आधी हात पुढं केला होता तिचं नाव होतं. त्याच्यापुढं लाल खूण होती.

तिनं ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग शिटी थांबली, पडदा काळा झाला आणि डब्याचा पंखा घरघरत विझला.

“हो… आहे. आहे मी इथं… गेला, बाबू. डबा बंद झाला.”

पलीकडून तो विचारत होता, सगळी झाली ना, कुणी राहिलं तर नाही ना. घाबऱ्या घाबऱ्या विचारत होता. काळ्या पडद्यात नंदाबाईला आपलंच तोंड दिसत होतं. झाली सगळी, एवढं म्हटलं असतं तर संपलं होतं. ते नाव आता कुठंच नव्हतं. डिस्कवर नाही, कागदावर नाही, फक्त तिच्या एकटीच्या डोक्यात. दामिनी आज रात्री निवांत पोरीच्या पायांना तेल लावत बसली असती. उद्या, परवा, सावकाशीनं, नागपूरला जाऊन, जवळ बसून सांगता आलं असतं. तिच्या मनात हे सगळं येऊन गेलं, नाही असं नाही. पण एकही पोर सुटू द्यायचं नाही म्हणून गेली घटकाभर तीच त्याच्यावर ओरडत होती.

“नाही झाले सगळे. एक राहिलं… पाहून घेतलं मी, पाठ आहे मले. पेन आहे ना हातात?… बसला आहे ना तू? खाली बस… बस म्हटलं तं बस. लिही. पोरीचं नाव टीना.”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“गाव केशोरी आहे. मीच लिहिलं होतं, आपल्या घरचं म्हणून… ओमेश… बापाचं नाव तूच टाक.”

पलीकडून परत म्हणून दाखवणं आलं नाही, आणि नंदाबाईनंही ते मागितलं नाही. पाय ह्या आजारानंच दुखतात, तेलानं नाही रे बरं होणार, मलाच मेलीला कळायला पाहिजे होतं, असं तिला म्हणायचं होतं. औषध आहे ह्याला, लवकर कळलं म्हणजे पोर तरते, हेही म्हणायचं होतं. ती म्हणू लागली, तेव्हा कळलं की फोन बंद झाला आहे. त्यानं ठेवला, की आपला आपण तुटला, देव जाणे. दारात श्यामलाल अर्धा रंगलेला, घामानं निथळत, बॅटरी पोटाशी धरून उभा होता आणि विचारत होता, बाई, कुठं जोडू?